पंचवीस गहाळ अर्ज

१

ग्लेसी दिव्हिनाग्रासियानं कपाटातून पेटी उचलली आणि तिचा चेहरा उतरला.

"ही एवढी हलकी कशी?"

तिनं पेटी टेबलावर ठेवली, आतले अर्ज बाहेर काढले आणि मोजायला लागली. एकदा मोजून झाले, तिनं पुन्हा मोजले. आम्ही समोर बसून बघत होतो.

"एकोणपन्नास," ती म्हणाली. "चौऱ्याहत्तर हवेत."

"म्हणजे पंचवीस गेले," लुर्दितामॅडम शांतपणे म्हणाल्या. "मनोंग दोमिंग, वेळ लिहा. सात चाळीस."

मी वेळ लिहिली. मी दोमिनादोर पागुन्तालान, वय अठ्ठावन्न. इलोइलो शहराच्या कामगार कार्यालयात जबान्या टिपून घ्यायचं काम एकतीस वर्षं करतोय. लुर्दिता ताहानलांगित या आमच्या तपासणी अधिकारी. वय छत्तीस, माझ्या थोरल्या लेकीएवढ्या. त्या मला मनोंग म्हणतात, म्हणजे दादा (बाई असती तर मनांग, ताई), मी त्यांना मॅडम म्हणतो, आणि दोघांचं बरं चाललंय.

तक्रार साधी होती. ओतोन गावच्या बुएनाफ्लोर कारखान्यात आंबा कापून सुकवतात. त्यांना तीस कामगार हवे होते. चौऱ्याहत्तर जणांनी अर्ज केले. रोसेन्दा तुपास नावाच्या बाईनं आम्हाला लिहिलं होतं, 'आमच्यातल्या चाळिशीपुढच्या बायकांना मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही.' नोकरीच्या अर्जात वय विचारायचं नाही, जन्मतारीख मागायची नाही आणि वय बघून नकार द्यायचा नाही, हा कायदा येऊन दोन वर्षं झाली होती. तो मोडल्याचं सिद्ध झालं तर दंडही होतो आणि तुरुंगही.

सोमवारी दुपारी तीनला मॅडमनी कारखान्यात फोन करून कळवलं होतं, मंगळवारी दहाला येतो, सगळे अर्ज तयार ठेवा. आणि मंगळवारी साडेसातलाच जाऊन उभ्या राहिल्या. ती त्यांची सवय. "दहाला गेलं की दहाची तयारी बघायला मिळते," असं त्या म्हणतात.

फाटकावरच्या वॉचमननं आमची ओळखपत्रं ठेवून घेतली, ती बारकाईनं वाचली आणि फळीवरच्या खिळ्यांवरून दोन पास काढले. मॅडमना बारा नंबर, मला पस्तीस. जवळचे पास सोडून माझा पास त्यानं हात लांब करून पलीकडून काढला. सकाळी सकाळी त्याची बडबडही चालू होती. "पास सांभाळा बरं का, मनोंग. नंबर महत्त्वाचा असतो." मी हं हं करत पास खिशाला अडकवला.

आता ग्लेसी डोकं धरून बसली होती. ती एचआरची प्रमुख, तेहतीसची, नीटनेटकी.

"कुलूप फोडलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "किल्ल्या कुणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे, एक मनांग पासिंगकडे. ती आमची कारकून. तिसरी फाटकावरच्या फळीवर असते, आग वगैरे लागली तर."

मॅडमनी एक कोरा फॉर्म मागून घेतला आणि खिडकीशी नेऊन वाचला. नाव, पत्ता, फोन, कोणतं काम येतं, सही. वरच्या कोपऱ्यात फाटकपास क्रमांक. बस्स. वय नाही, जन्मतारीख नाही, शाळा सोडल्याचं वर्ष नाही, फोटोसुद्धा नाही.

"कायद्याप्रमाणेच छापलाय," ग्लेसी घाईघाईनं म्हणाली.

नोंदवहीत चौऱ्याहत्तर नावं होती. त्यांतली गहाळ पंचवीस नावं मी वेगळी काढली. मॅडम ती यादी बघत राहिल्या.

"मनोंग, ही नुसती नावं आहेत. ही माणसं किती वर्षांची, ते या कारखान्यात कुणालाच माहीत नसायला हवं. पण मला वाटतंय, ही यादी घेऊन आपण रोसेन्दाकडे गेलो तर ती भलतंच काहीतरी सांगेल."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

२

"तुम्ही दहाला येणार होता!"

हा रुएल हावेलोसा, कारखान्याचा व्यवस्थापक, मालकांचा जावई. पांढराशुभ्र शर्ट आणि तोंडावर हसू, पण ते हसू उशिरा आलं. अर्ज गहाळ झालेत हे ऐकल्यावर त्यानं पेटीकडे पाहिलं, उरलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि मला आश्चर्य वाटलं. माणूस चिडायला हवा होता. तो सैलावला.

"चोरी झाली म्हणा की," तो म्हणाला. "फारच वाईट. मनांग पासिंगला बोलवा."

ती येईपर्यंत त्यानं पोलिसांनाही फोन केला. पासिंग सुमागायसाय आली. एकोणसाठ वर्षांची, बुटकी, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेला.

"मनांग, काल फोन तुम्हीच घेतलात ना?" रुएलनं विचारलं.

"हो. ग्लेसी एकलाच शहरात गेली होती. मी निरोप लिहून तुमच्या टेबलावर ठेवला."

"आणि किल्ली तुमच्याकडे. संध्याकाळी शेवटी ऑफिसातून कोण गेलं?"

"मीच. रोजच मी."

"बघा," रुएल मॅडमकडे वळला, "मला दोष द्यायला आवडत नाही. पण किल्ली हिची, माहिती हिला, वेळ हिला."

"मी चोरले?" पासिंगचा आवाज चढला. "एकोणीस वर्षांत मी इथली टाचणीसुद्धा घरी नेली नाही! आणि ते कागद मी नेऊन करू काय, त्यात मासळी बांधू?"

"ते पोलिसांना सांगा. दोनला येतायत. तोपर्यंत तुम्ही कामावरून बंद."

पासिंग मटकन खुर्चीत बसली. चार महिन्यांनी तिला साठ पूर्ण होणार होती. चोरीच्या आरोपात बडतर्फ झाली असती तर निवृत्तीचे पैसे गेले असते. हे मला ग्लेसीनं कानात सांगितलं, आणि सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"साहेब," मॅडमनी विचारलं, "मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते कोण ठरवतं?"

"मीच. अर्ज बघून. हातातलं काम बघून."

"ग्लेसी नाही?"

"मी फक्त फोन करते," ग्लेसी म्हणाली. "साहेब अर्ज चाळतात, गठ्ठा देतात. कधी कधी मलाही कळत नाही, अमक्याला का आणि तमक्याला का नाही. एकीनं तर बावीस वर्षं आंबा कापलाय असं लिहिलं होतं. तिला नाही घेतलं."

रुएलनं तिच्याकडे असं पाहिलं की ती खाली बघायला लागली.

"मॅडम, सरळ सांगतो," तो म्हणाला, "फॉर्मवर वय आहे का? नाही. मग वय बघून मी नाकारणार कसा? मला काय ज्योतिष येतं?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं. साडेआठ. पोलीस यायला साडेपाच तास होते.

३

रोसेन्दा तुपासचं घर कारखान्यापासून चालत दहा मिनिटांवर, नदीच्या काठाला. आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात मासे साफ करत होती. बाजूच्या दोरीवर कपडे वाळत होते. लांब पडदे, दोन झगे, दोन निळे शर्ट.

"बसा मनोंग, बसा इंदाय," ती मॅडमना म्हणाली. अधिकारी असो की कोणी असो, आपल्यापेक्षा लहान बाई तिच्या दृष्टीनं इंदायच. "मला वाटलं, कागद कुठंतरी धूळ खात पडला असेल. तुम्ही खरंच आलात!"

मॅडमनी तिला पंचवीस नावांची यादी दिली. रोसेन्दानं हात पुसले आणि नाव वाचून लगेच वय सांगायला लागली. सगळ्या तिच्या जुन्या, बंद पडलेल्या कारखान्यातल्या बायका. त्रेचाळीस. एकोणपन्नास. सत्तेचाळीस. "ही माझ्याच वयाची, एकावन्न. हिला नातू आहे." एकामागून एक, सगळ्या चाळिशीपुढच्या. मी एकेक वय नावासमोर लिहीत गेलो.

एका नावाशी ती थांबली.

"मे-फ्लोर नोबलेसा? छे. ही तर एकतीसची आहे. माझ्या भाचीची मैत्रीण. ही इथं कशी?"

"यादीत चूक नाही," मी म्हणालो. "मी स्वतः उतरवलीय."

"आणि साबेलचं नाव नाही यात!" रोसेन्दा म्हणाली. "साबेल फाहुतागाना. चोपन्न वर्षांची. तिनंही अर्ज दिलाय. आमच्यापैकी एकट्या तिलाच मुलाखतीला बोलावलं होतं."

मॅडम पुढं झुकल्या. "आणि?"

"तिलाच विचारा." रोसेन्दानं कुंपणापलीकडे हाक मारली. "ए साबेल! ये इकडं, सरकार आलंय!"

साबेल हातातलं पुतोचं भांडं घेऊनच आली. त्यातल्या तांदळाच्या दोन पांढऱ्या गरम वड्या तिनं आमच्या हातात दिल्या आणि मग बोलायला लागली.

"मला फोन आला, या म्हणून. मी केस रंगवले, नवीन चपला घातल्या. आत गेले. साहेब हसत हसत उठले आणि मला बघून त्यांचं हसूच गेलं. हातातला कागद बघतात, मला बघतात, परत कागद बघतात. जसं काही दुकानात कोंबडी मागितली आणि बदक आणून दिलं. मग म्हणाले, जागा भरल्या."

"कागदावर काय बघत होते?"

"कोपऱ्यात. वरच्या कोपऱ्यात."

मॅडमनी पुतो तसाच हातात धरला होता. "फाटकावर तुम्ही कुठलं ओळखपत्र दिलंत?"

"पतपेढीचं. दुसरं कुठं आहे माझ्याकडं? मतदारकार्ड पुरात गेलं."

"त्यावर जन्मतारीख आहे?"

"नुसतं नाव आणि फोटो."

मॅडमनी लगेच मे-फ्लोरला फोन लावला. ती शेजारच्या गल्लीतून धावतच आली, आणि विचारल्यावर हसायलाच लागली. "माझं मतदारकार्ड? सगळे मला त्यावरून चिडवतात. सत्त्याऐंशीच्या जागी सदुसष्ट छापलंय. दोनदा अर्ज केला दुरुस्तीचा. कार्डाप्रमाणं मी माझ्या आईपेक्षा एक वर्षानं मोठी आहे!"

बायका हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

"चोरानं माणसं बघितलेली नाहीत, मनोंग," त्या हळूच म्हणाल्या. "कार्डं बघितलीयत. एकतिशीची बाई कार्डावर म्हातारी म्हणून गेली, आणि चोपन्नची बाई कार्डावर तारीख नाही म्हणून राहिली. पण फॉर्मवर कार्डाचं काहीच नाही. मग कार्डातलं वय फॉर्मवर चढलं कसं?"

मग त्यांनी रोसेन्दाला विचारलं, "तुमचा पास कुठला होता, आठवतो?"

"न आठवायला काय झालं? तेरा! तेव्हाच म्हटलं, आता कसलं काम मिळतंय. गुरुवार होता, सव्वानऊ वाजले होते, माझ्या पुढं लाल छत्रीवाली बाई होती."

"पास कुणी दिला?"

रोसेन्दानं सुरी उचलली आणि परत मासा खरवडायला लागली.

"वॉचमननं. कोण होता काय माहीत. चेहरा नाही आठवत."

लाल छत्री आठवत होती, वेळ आठवत होती, आणि पास देणाऱ्याचा चेहरा आठवत नव्हता. मला ते तेव्हा खटकलं नाही. मॅडम मात्र उठल्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत राहिल्या. त्या दोन निळ्या शर्टांच्या बाहीवर एका पहारा कंपनीचा बिल्ला शिवलेला होता.

४

परतताना मॅडम झपाझप चालत होत्या. मला धाप लागली.

"मनोंग, तुमचा पास बघू."

मी दाखवला. पस्तीस. त्यांनी स्वतःचा काढला. बारा.

"तुम्ही अठ्ठावन्न, मी छत्तीस. रोसेन्दा तेरा." त्या थांबल्याच. "काय म्हणाला होता तो वॉचमन सकाळी?"

"नंबर महत्त्वाचा असतो, असं काहीतरी. उगीच बडबडत होता."

"उगीच नाही. आपण कोण आहोत ते त्याला माहीत होतं. ओळखपत्रं वाचली होती त्यानं."

आम्ही कारखान्यात शिरलो आणि मॅडमनी ग्लेसीकडून एकोणपन्नास अर्ज मागून घेतले. रिकाम्या खोलीत दार लावून आम्ही ते जमिनीवर मांडले. वरचा कोपरा वर. मी एकेक नंबर वाचायला लागलो.

"चार. बावीस. चाळीस. सोळा. बावीस परत. अठ्ठावीस. दहा."

सतराव्या अर्जानंतर मी वाचणं सोडून नुसते कोपरे बघत गेलो. एकोणपन्नासपैकी एकही विषम नंबर नव्हता. सगळे सम. चाळिशीच्या आतल्यांना सम पास, बाहेरच्यांना विषम. वय विचारायची गरजच नाही. अर्जदार स्वतःच्या हातानं स्वतःचं वय कोपऱ्यात लिहून देत होता, आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

"म्हणजे रुएलला ज्योतिष येतं," मी म्हणालो.

"त्याला सम आणि विषम येतं. तेवढं पुरतं." मॅडम भिंतीला टेकून बसल्या. "पण अर्ज त्यानं चोरले नाहीत. पुरावा लपवायचा असता तर त्यानं सगळीच पेटी नाहीशी केली असती. नेमके विषम तेवढे उचलून तो बोंब कशाला मारील? ग्लेसी काल एकला गेली, फोन तीनला आला. आपण येणार हे तिला आज सकाळीच कळलं. उरली पासिंग."

"तिनं नाही हो केलं."

"का नाही? कारण सांगा, दया नको."

कारण मग त्यांनीच सांगितलं. "पासिंग या सगळ्या बायकांना ओळखते. गावातलीच आहे. तिनं वयस्कर बायकांचे अर्ज काढले असते तर साबेलचा काढला असता आणि मे-फ्लोरचा ठेवला असता. चोर फक्त नंबर बघत होता. नंबराचा अर्थ दोघांनाच माहीत. ज्यानं नियम काढला तो, आणि ज्याच्या हातानं पास दिले तो. तिसरी किल्ली फाटकावरच्या फळीवर असते, मनोंग."

खाली गाडीचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. पोलीस दोनच्या कितीतरी आधीच आले होते, आणि रुएल पासिंगचा दंड धरून तिला जिन्यावरून खाली आणत होता.

५

मॅडम जिना उतरल्या नाहीत, धावल्याच. पण त्या पासिंगकडे गेल्या नाहीत. सरळ फाटकावरच्या खोपटात शिरल्या, मी मागोमाग.

वॉचमनचं नाव एलिसेओ गुम्बान, वय पंचेचाळीस. तो खिडकीतून पासिंगकडे बघत होता आणि त्याचा रंग मेणासारखा झाला होता.

"एलिसेओ," मॅडम म्हणाल्या, "रोसेन्दा तुपासचं माहेरचं आडनाव काय?"

त्यानं खिडकीतून नजर काढून मॅडमकडे पाहिलं.

"तुझे शर्ट तिच्या दोरीवर वाळतायत. तुझं नाव यायला नको म्हणून तिनं तुझा चेहरा विसरल्याचं सांगितलं. आता त्या म्हातारीला गाडीत बसवतायत. तू सांगतोस की मी सांगू?"

एलिसेओनं टोपी काढली.

"मला तिनंच वाढवलं, मॅडम. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. माझ्या वॉचमनच्या परीक्षेची फी तिनं आंबे कापून भरली." तो अडखळला. "साहेब म्हणाले, अठ्ठ्याहत्तरच्या आधी जन्मलेला आला की विषम दे. कार्ड बघ, तोंड बघू नको. मला वाटलं, हिशेबासाठी असेल काहीतरी. दोन आठवड्यांनी कळलं. मग त्या गुरुवारी माझी बहीण रांगेत आली. वर कॅमेरा. साहेब खिडकीत. मी तिचं कार्ड घेतलं आणि तिला तेरा दिला. ती म्हणाली, 'शुभ नंबर तरी दे रे,' आणि हसली. मी वर बघितलं नाही."

बाहेर पासिंग ओरडत होती. "मला हात लावू नका! मी चालते माझी!"

"काल संध्याकाळी," एलिसेओ भराभर बोलायला लागला, "साहेब गाडीतून फोनवर बोलत गेले. उद्या आठला भट्टी पेटली की ती पेटी खाली पाठवा, म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही. किल्ली घेतली, वर गेलो, विषम नंबर तेवढे काढले. सगळी पेटी नेली असती तर लगेच कळलं असतं. म्हटलं, जाळायचेत ते हेच जाळणार. तुम्हाला द्यायचे होते, पण सकाळी तुमच्यासमोर जीभच उचलली नाही. नोकरी पहारा कंपनीची. एक तक्रार आली की दुसऱ्या दिवशी घरी."

"कुठं आहेत?"

त्यानं ओळखपत्रं ठेवायचा खण बाहेर ओढला. खणाच्या मागच्या पोकळीत खाकी कागदात गुंडाळलेला गठ्ठा होता. आणि खणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली एक चिठ्ठी, निळ्या शाईतली: '७८ – विषम.'

"अक्षर कुणाचं?"

"साहेबांचं."

मॅडमनी गठ्ठा उचलला नाही. चिठ्ठी सोडवलीही नाही. मला म्हणाल्या, "मनोंग, फोटो काढा. मग पोलिसांना इथंच बोलवा. आणि साहेबांनाही."

खोपटात पाच माणसं मावत नव्हती. रुएल दारातच उभा राहिला. गठ्ठा बघितल्याबरोबर त्यानं बोट उगारलं. "हा! हाच चोर! पकडा याला!"

"कसली चोरी?" मॅडमनी विचारलं. "कारखान्याचे कागद कारखान्याच्या फाटकाच्या आत, कारखान्याच्या वॉचमनच्या ताब्यात आहेत. एक कागद बाहेर गेलेला नाही. पासिंगबाईंना सोडा आधी."

पोलिसानं पासिंगचा दंड सोडला. ती दंड चोळत तिथंच उभी राहिली, घरी जायला तयार नव्हती. तिला बघायचं होतं.

"आता साहेब, मला एवढंच सांगा," मॅडम म्हणाल्या. "वर एकोणपन्नास अर्ज आहेत, सगळे सम. इथले पंचवीस मी अजून उघडलेले नाहीत. सगळे विषम निघतील असं मी म्हणते. तुम्ही काय म्हणता?"

"योगायोग असू शकतो," रुएल म्हणाला. आवाज कोरडा होता.

"मोजा मनोंग."

मी पोलिसासमोर गठ्ठा सोडला. सात. एकतीस. तेरा. नऊ. सत्तावीस. मी वाचत गेलो आणि रुएलची मान खाली जात गेली. पंचविसावा अर्ज मे-फ्लोरचा निघाला. एकोणीस.

"हे वॉचमननं आपल्या मनानं केलं," तो शेवटी म्हणाला.

"मग साबेल मुलाखतीला आली तेव्हा तिला बघून तुम्ही कागदाचा कोपरा का बघितलात? आणि ही चिठ्ठी कुणाच्या हातची?"

तेवढ्यात मागून आवाज आला. "चिठ्ठीवरचं सात मी ओळखते. साहेब सातला मधे आडवी रेघ मारतात." ग्लेसी होती ती. तिच्या हातात रुएलच्या सहीचे सहा महिन्यांचे कागद होते. "हे घ्या. तुलना करायला."

६

खटला सव्वा वर्ष चालला. रुएल हावेलोसाला शिक्षा झाली, मालकांनी त्याला कारखान्यातून काढला, आणि कारखान्याला दंड झाला. पण त्याच्या कितीतरी आधी, पुढच्याच महिन्यात, त्या पंचवीस जणींच्या आणि साबेलच्या मुलाखती परत झाल्या. ग्लेसीनं खुर्च्या काढून टाकल्या, टेबलावर सुऱ्या आणि आंबे मांडले आणि म्हणाली, "बोलू नका, कापा." रोसेन्दानं कापला तेव्हा कोय अशी निघाली, जशी काय धुऊन ठेवलीय. सव्वीसपैकी अठराजणी लागल्या. बाकीच्यांना काम खरंच येत नव्हतं, हेही सांगायला हवं. मे-फ्लोर त्यांतलीच.

पासिंग चार महिन्यांनी मान वर करून निवृत्त झाली.

एलिसेओचं मात्र बरं झालं नाही. पहारा कंपनीनं आठवड्यात त्याला कमी केलं. कारण लिहिलं नाही. त्याहून वाईट म्हणजे रोसेन्दा त्याच्याशी बोलेना. त्यानं स्वतःच तिला तेराचं सगळं सांगितलं होतं. मी साक्षीची तारीख द्यायला गेलो तेव्हा तो अंगणात बसला होता आणि ती आतून माझ्याशी बोलत होती.

"त्यानं कागद वाचवले, मनोंग, मला कळतं," ती म्हणाली. "पण तो दोन आठवडे देत होता हे नंबर. माझ्यासारख्या कितीजणींना. मी आले म्हणून त्याला टोचलं. नसते आले तर?"

बाहेर एलिसेओनं ते ऐकलं. "ती बरोबर बोलतेय," तो मला म्हणाला.

तरी त्याचं ताट ती रोज झाकून ठेवत होती.

नोव्हेंबरात एकदा सकाळी ती दोघं आमच्या कार्यालयात आली. एकत्र आली होती, पण एकमेकांत एका खुर्चीचं अंतर ठेवून बसली. रोसेन्दा कामावरची सुट्टी काढून आली होती. तिनं पिशवीतून एक कागद काढला आणि मॅडमच्या टेबलावर सपाट केला. शहरातल्या एका मोठ्या गोदामाचा अर्ज. एलिसेओनं नाव, पत्ता, अनुभव सगळं भरलं होतं. एकच रकाना कोरा होता.

"इंदाय, हा म्हणत होता, भरून टाकू, कशाला वाद. मी म्हटलं, पेन खाली ठेव." तिनं त्या रकान्यावर बोट ठेवलं. जन्मतारीख. "हे विचारता येतं का यांना?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग?"

मॅडमनी कागद उचलून छापखान्याचं नाव वाचलं, गोदामाचा पत्ता वाचला आणि खुर्ची मागं सारली.

"मनोंग दोमिंग, तिथं आपल्याला कितीला बोलावलंय म्हणून सांगायचं?"

"दहाला," मी म्हणालो, आणि जबान्यांची वही काखेत मारून आठलाच बाहेर पडलो. दारातून मागं वळून पाहिलं तर मधली खुर्ची रोसेन्दानं बाजूला सरकवली होती, आणि ती एलिसेओला विचारत होती, "सकाळी काही खाल्लंस का?"